क्रूझ महागली, की आपल्याला पूर्ण भाव कुणी सांगतच नाही?

गेल्या रविवारी आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर जे रण पेटलं ते मंगळवारी रात्रीपर्यंत विझलं नाही. विषय राजकारणाचा नव्हता, क्रिकेटचाही नव्हता. विषय होता क्रूझ. मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्री, तीन दिवस.

सुरुवात केली आमच्या एका बँकवाल्या मित्राने. तीन वर्षांपूर्वी गेला होता, यंदा परत जाऊन आला. त्याने दोन्ही वेळची बिलं शेजारी ठेवून फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "तीच खोली, तोच समुद्र, तेच गोवा. पैसे मात्र जवळजवळ दीडपट. आणि जेवणात पूर्वी जे होतं त्यातलं निम्मं गायब. ही शुद्ध लूट आहे."

त्यावर पाच मिनिटांत एका वर्गमैत्रिणीचं उत्तर आलं, "लूट कसली? तीन दिवस मी गॅस पेटवला नाही, भांडं विसळलं नाही, 'आज भाजी काय' हा प्रश्न कुणी विचारला नाही. लग्नानंतर बावीस वर्षांत पहिल्यांदा. मला तर पैसा वसूल वाटला. परत जाणार."

मग थळचा एक मित्र उतरला. त्याची स्वतःची होडी आहे. तो म्हणाला, "समुद्र बघायला लाख रुपये? या माझ्या बोटीवर, डिझेल भरा, जेवण माझ्याकडून." झालं. पुढे दोनशेच्या वर मेसेज. काही जण एकमेकांच्या पगारावर गेले, एक जण ग्रुप सोडून गेला, त्याला बुधवारी परत आणावं लागलं.

मी त्या भांडणात एक शब्द लिहिला नाही. कारण सांगतो. माझ्या स्वतःच्या घरातच हे भांडण गेले सहा महिने चालू आहे.

बाबा आरसीएफमधून निवृत्त झालेले. आई-बाबांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून आम्ही ठरवलं, दोघांना क्रूझला न्यायचं. आई, बाबा, मी आणि बायको. जाहिरात होती 'रु. १७,९९९ पासून'. चार जणांचे साधारण ७२ हजार. बाबांनी लगेच सांगितलं, "अर्धे मी देणार. ३६ हजार. पेन्शनच्या खात्यात काढून ठेवतो." आणि खरंच काढून ठेवले.

मी फोन लावला. पलीकडची मुलगी अगदी गोड बोलली. "सर, ते बेस फेअर आहे."

मग एकेक आकडा बाहेर यायला लागला. आईला खिडकी हवी होती, बिनखिडकीच्या खोलीत तिचा जीव घाबरतो. त्याचे दोघांचे ८ हजार. हे ठीक, जास्त मागितलं तर जास्त द्यायला हवं. पण त्यावर बंदराचं शुल्क, चौघांचे १० हजार. सेवाशुल्क ४ हजार. त्यावर कर ९ हजारांच्या आसपास. ७२ चे झाले १ लाख ३ हजार. अजून आम्ही घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही.

जहाजावर गेल्यावर खोलीचं कार्ड मिळतं, तेच पाकीट. दाखवा आणि घ्या. मोठ्या हॉलमधलं जेवण तिकिटात. पण कोल्ड्रिंक वेगळं, बरी कॉफी वेगळी, दुसऱ्या हॉटेलात बसलात तर वेगळं, रात्रीच्या एका शोला वेगळं, चढताना जबरदस्तीने हसवून काढलेल्या फोटोचे वेगळे. शेवटच्या रात्री हिशेब आला, साडेसात हजार. एकूण १ लाख १० हजार ५००.

म्हणजे माणशी २७ हजार ६०० च्या वर. जाहिरातीतल्या १७,९९९ च्या दीडपटीहून जास्त. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला, म्हणतात ते हे.

आता ऐका घरातलं भांडण. बाबा म्हणतात, "वाईट काही नव्हतं रे. माणसं चांगली, स्वच्छता चांगली. पण सांगितले एक नि घेतले एक. त्यांनी पहिल्या दिवशी एक लाख दहा हजार सांगितले असते तर मी विचार करून हो किंवा नाही म्हटलं असतं. त्यांनी मला हो म्हणायला लावलं आणि मग भाव सांगितला."

आणि आई? आई पहिल्या रात्री खिडकीशी बसून होती. मुंबई मागे पडली, अंधारात एक दिवा फिरताना दिसला. खांदेरीचा. आयुष्यभर थळच्या किनाऱ्यावरून बघितलेला दिवा, तिने पहिल्यांदा समुद्राच्या बाजूने बघितला. ती आजही सांगते, "आपला दिवा तिकडून कसा दिसतो ते मी बघून आले." तिला बिलाचं विचारलं तर म्हणते, "हौसेला मोल नसतं. तुझ्या बाबांना बिल दिसलं, मला दिवा दिसला."

मी विचार केला, दोघंही एकाच जहाजावर होते. दोघंही खोटं बोलत नाहीत. मग भांडण नक्की कशावर आहे?

आधी, महागलं का ते बघू

"कंपन्या माजल्यात" एवढं म्हणून भागत नाही. थोडं मागे जाऊ.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे जगभरातली प्रवासी जहाजं थांबली. फॅक्टरी बंद पडली तर निदान कुलूप लावता येतं. जहाजाला ते चालत नाही, रिकामं जहाजही माणसं ठेवून, इंधन जाळून सांभाळावं लागतं. उत्पन्न शून्य, खर्च चालू. मोठ्या कंपन्यांनी प्रचंड कर्ज काढलं. जगातली सर्वात मोठी कंपनी कार्निव्हल, तिच्यावरचं कर्ज तीन हजार कोटी डॉलरच्या पुढे गेलं. त्या कर्जाचं व्याज आज प्रवासी भरतोय, तिकिटातूनही आणि कॉफीतूनही.

दुसरं, इंधन. १ जानेवारी २०२० पासून जगभर नियम आला की जहाजाच्या इंधनात गंधक अर्ध्या टक्क्याच्या वर नको, पूर्वी साडेतीन टक्के चालायचं. नियम चांगलाच आहे, धूर आपल्याच फुप्फुसात जातो. पण स्वच्छ इंधन महाग.

तिसरं, बंदरं आणि गावं. ज्या गावांत ही जहाजं हजारो माणसं एका दिवशी ओततात, ती गावं आता वैतागली आहेत. व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून मोठी जहाजं इटलीच्या सरकारने २०२१ मध्ये बंद केली. ग्रीसने जुलै २०२५ पासून सँटोरिनी आणि मिकोनोसला उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशावर हंगामात वीस युरो लावले. त्यांचं काय चुकलं? मे महिन्यातल्या शनिवारी वडखळच्या पुढे गाड्यांची रांग बघितलेल्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगायला नको.

आणि चौथं, सगळ्यात सोपं कारण. लोक जातायत. जहाजवाल्यांच्या हिशेबात एका खोलीत दोन माणसं म्हणजे शंभर टक्के. मुलं धरून तीन-चार जण झाले की आकडा शंभरच्या वर जातो. आणि बड्या कंपन्यांचे आकडे आता खरोखर शंभर टक्क्यांच्या वर आहेत. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून 'आयकॉन ऑफ द सीज' निघालं, त्यात जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात. आपल्याकडची कित्येक गावं एवढी नाहीत. जहाज भरलेलं असताना कोण भाव कमी करेल? आपण तरी आपल्या कॉटेजचे दर मेमध्ये कमी करतो का?

आपल्या इथे त्यात अजून एक गोष्ट. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणजे वर्षाचा खर्च सात-आठ महिन्यांत काढायचा. आणि मुंबईहून देशातल्या देशात फिरणारी जहाजं मोजायला एका हाताची बोटंही जास्त. दुसरं दुकानच नाही, तर पहिल्या दुकानदाराशी घासाघीस कशी करणार? २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या कान्होजींच्या नावाची 'आंग्रिया' मुंबई-गोवा सुरू झाली तेव्हा इथे अनेकांना आनंद झाला होता. कोरोनानंतर ती काही परत दिसली नाही.

मग लोक वेगवेगळं का बोलतात?

माझा भाचा ह्यूस्टनला असतो. त्याला हे सगळं सांगितलं तर तो हसायला लागला. म्हणाला, "मामा, इकडे पण सेम भांडण." तो गॅल्व्हेस्टन बंदरातून तीनदा जाऊन आलाय. त्याचं म्हणणं, जे पंचवीस-तीस वर्षं क्रूझ करतायत ते म्हणतात, पूर्वी मध्यरात्रीचा बुफे होता, खोलीत जेवण फुकट यायचं, आता सगळ्याला पैसे. आणि जे पहिल्यांदा जातात ते म्हणतात, हॉटेल, प्रवास, जेवण, करमणूक सगळं धरलं तर डिस्नेपेक्षा स्वस्त पडलं.

बघा, इथेच गंमत आहे. जुना माणूस किंमत कालच्या क्रूझशी लावतो. नवा माणूस आजच्या हॉटेलशी लावतो. दोघांची फूटपट्टी वेगळी, मग माप सारखं कसं येणार?

आमच्या ग्रुपचंही तेच. बँकवाला मित्र त्याच्या तीन वर्षांपूर्वीच्या बिलाशी भांडत होता. मैत्रिणीची तुलना स्वयंपाकघराशी होती. तिच्या तीन दिवसांच्या सुट्टीचा बाजारभाव कुणी काढलाय का? बावीस वर्षं बिनपगारी काम केलेल्या माणसाला विश्रांती कितीला पडली म्हणजे महाग, हे मी तरी ठरवणार नाही. आणि होडीवाल्या मित्रासाठी समुद्र म्हणजे कामाची जागा. बसचा ड्रायव्हर सुट्टीत बस फिरायला नेत नाही.

मी कागद-पेन घेऊन बसलो. आमचा खर्च माणशी दर रात्री साधारण १३ हजार ८००. आपल्याकडे नागाव-किहीमला शनिवारी बऱ्यापैकी खोली सहा-आठ हजारांना जाते, दोघांची. जेवण धरलं तरी माणशी पाच-साडेपाच हजारांच्या वर जात नाही. म्हणजे निव्वळ राहणं-खाणं बघितलं तर क्रूझ अडीचपट महाग. गोव्याला विमानाने जाऊन चांगल्या हॉटेलात दोन रात्री राहिलो असतो तर फरक बराच कमी झाला असता. आणि खांदेरीचा दिवा मोजला तर? त्याचा रकाना माझ्या कागदावर नव्हता.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं. "क्रूझ पैसा वसूल आहे की नाही" हा भांडणाचा विषयच नाही. ज्याचा पैसा, ज्याची हौस, त्याने ठरवावं. तिसऱ्याने नाक मुरडू नये. पण ठरवण्यासाठी पूर्ण आकडा हातात हवा. बाबांची तक्रार बरोबर आहे, आणि ती आईच्या आनंदाच्या आड येत नाही. आईलाही पूर्ण आकडा आधी कळला असता तरी ती गेलीच असती.

कोळीण मावशींकडून शिका

अलिबागच्या बाजारात जा. मावशी वाटा दाखवते, "आठशे." तुम्ही म्हणता पाचशे. ती तुमची आई-आजी काढते. शेवटी साडेसहाशेला ठरतं. मग विचारते, "कापून देऊ? पन्नास होतील." आधी सांगते, मग सुरी उचलते. असं कधी झालंय का, की साडेसहाशे ठरले, पापलेट पिशवीत पडलं आणि मग मावशी म्हणाली, "हे पापलेटचे. बर्फाचे वेगळे, टोपलीचे वेगळे, बाजारात बसायचे वेगळे"? कुणी म्हणालं तर आपण पिशवी तिथेच टाकून निघून येऊ.

मग सुटाबुटातला माणूस स्क्रीनवर तेच करतो तेव्हा आपण मुकाट्याने कार्ड का काढतो? भाव जास्त लावा, हरकत नाही. पण ताकाला जाऊन भांडं लपवू नका.

यात बंदराचं शुल्क मला सगळ्यात जास्त खटकतं. बंदराला न लागता जहाजात चढायचा दुसरा मार्ग आहे का? मी गेटवेपासून पोहत जाणार होतो का? जे टाळताच येत नाही ते 'वेगळं' कसं? ते तिकीटच आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने हाच मुद्दा धरला. १ जुलै २०२४ पासून तिथे कायदा आहे, टाळता न येणारे शुल्क जाहिरातीतल्या किमतीतच दाखवायचे. झालं काय, तर मोठ्या क्रूझ कंपन्यांनी एका राज्यासाठी वेगळी जाहिरात करण्यापेक्षा अख्ख्या अमेरिकेत पूर्ण आकडा दाखवायला सुरुवात केली. कुणी बुडालं नाही. जहाजं भरूनच चाललीत.

आपल्याकडे काहीच नाही का? आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेरा प्रकारच्या फसव्या क्लृप्त्यांची यादी आहे त्यात. त्यातली एक म्हणजे नेमकं हेच, सुरुवातीला कमी किंमत दाखवायची आणि पैसे भरायच्या पानापर्यंत थेंबथेंब वाढवत न्यायची. दुसरी क्लृप्ती, तुम्ही न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकायची. विम्याची टिक आधीच लावलेली असते ना, ती.

सेवाशुल्काचंही तसंच. हॉटेल-रेस्टॉरंटने ते आपोआप बिलात लावू नये, असं याच प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. तो निकाल हॉटेल-रेस्टॉरंटचा होता, जहाजाचा नाही. पण माझा साधा प्रश्न आहे. जे जमिनीवर ग्राहकाच्या मर्जीवर आहे, ते बॅलार्ड पिअरहून दोन मैल पुढे गेल्यावर सक्तीचं का व्हावं?

पण थांबा, दुसरी बाजूही आहे

आमच्या आळीतला एक मुलगा परदेशी जहाजावर वेटर आहे. सध्या सुट्टीवर आलाय. त्याला मी मोठ्या तावातावाने सेवाशुल्काचं सांगत होतो. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "काका, एक सांगू? बिल जास्त आलं की लोक कंपनीवर चिडतात. कंपनी त्यांना भेटत नाही. मग ते काउंटरवर जाऊन टिपचे पैसे कापून घेतात. ते कंपनीचे नाही कापले जात. आमचे कापले जातात."

त्याचं काम विचारलं. सलग आठ महिने करार. आठवड्याची सुट्टी हा प्रकार नाही. रोजचे दहा-अकरा तास. समुद्रावरच्या कामगारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय करारात सुद्धा मर्यादा आहे ती आठवड्याला ७२ तासांची. आपल्या कोकणातली, गोव्यातली किती पोरं या जहाजांवर आहेत ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, आपापल्या आळीत मोजा. त्यांच्या घराच्या स्लॅबमध्ये कुणाच्या तरी टिपचे पैसे आहेत.

म्हणून "टिप बंद करा" असं मी म्हणत नाही. उलट म्हणतो, ती तिकिटात धरा, पगारात द्या, आणि पोराला प्रवाशाच्या मूडवर जगायला लावू नका. प्रवाशालाही एक आकडा, पोरालाही एक आकडा. वर कुणाला खूश होऊन द्यायचं असेल तर त्याच्या हातात द्या.

अजून एक गोष्ट, ती आपल्याबद्दल. पुढच्या वेळी मीसुद्धा चार जाहिराती उघडल्या तेव्हा पहिलं बोट कुठे गेलं? सगळ्यात लहान आकड्यावर. म्हणजे एखाद्या प्रामाणिक कंपनीने पहिल्याच पानावर '२७,००० सगळं धरून' लिहिलं, तर मी तिला महागडी म्हणून बाजूला सारणार आणि १७,९९९ वाल्याकडे जाऊन २७ हजारच भरणार. प्रामाणिक दुकानदार यात मरतो. म्हणून "कंपन्यांनी स्वतःहून सुधारावं" यावर माझा विश्वास नाही. एकट्याने सुधारला तर त्याचं गिऱ्हाईक जातं. नियम सगळ्यांना एकाच दिवशी लागला पाहिजे.

स्वस्त म्हणजे चांगलं, असंही नाही

ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "आमचे आजोबा आगबोटीने चार पैशांत कोकणात जायचे." खरं आहे. त्या काळी समुद्र ही हौस नव्हती, ती आपली एसटी होती. आजीकडून 'बोट लागली' हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलाय. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, त्याच्या आधीच आगबोटी इतिहासजमा झाल्या होत्या. २०२५ मध्ये मुंबई ते जयगड-विजयदुर्ग रो-रोचे दर जाहीर झाले, सर्वात खालचं तिकीट अडीच हजारांचं. तेव्हाही अशीच दोन तट पडलेली चर्चा झाली. हौसेच्या जहाजाचा भाव कितीही असो. गावाला जायच्या बोटीचा भाव मात्र आईच्या दिव्याने मोजता येत नाही, तो पगाराने मोजावा लागतो. या दोन गोष्टींची गल्लत नको.

आणि आपल्या तालुक्याने तरी बोटीच्या प्रवासाबद्दल बोलताना १७ जुलै १९४७ विसरू नये. मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. ज्या घरांतली माणसं गेली ती घरं आजही इथेच आहेत. म्हणून मी कधीही "तिकीट स्वस्त करा, बाकी काहीही चालेल" असं म्हणणार नाही. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' आडवी झाली, ३२ माणसं गेली. त्यानंतर नियम कडक झाला, जहाज निघण्यापूर्वी किंवा निघाल्याबरोबर प्रवाशांची सुरक्षा कवायत झालीच पाहिजे. आमच्या जहाजावर ती झाली तेव्हा निम्मे लोक सेल्फी काढत होते. बाबा मात्र जॅकेटचे पट्टे दोनदा बांधून-सोडून बघत होते. सुरक्षेचे पैसे लागतात ते लागू देत. ते बिलात लपवायची गरज नाही, अभिमानाने लिहा.

मागणी काय?

२० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता सांगितली आहे. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये 'क्रूझ भारत मिशन' सुरू झालं, २०२९ पर्यंत क्रूझ प्रवासी दुप्पट करायचे असं ठरलंय. चांगली गोष्ट आहे. पोरांना काम मिळेल, गावांना पर्यटक मिळतील.

पण बंदर सार्वजनिक आहे. तिथे जहाज लावायचं तर साधी अट घाला. जाहिरातीत जो पहिला आकडा दिसेल तो सगळे सक्तीचे पैसे धरूनच असेल. दुसरी अट, तिकीट रद्द केलं तर किती परत मिळणार याचा तक्ता मराठीत, पैसे भरण्याआधी. तिसरी, सेवाशुल्क एक तर तिकिटात, नाही तर खरोखर ऐच्छिक. यात सरकारचा एक रुपया खर्च नाही.

तोपर्यंत आपण काय करायचं? जाणार असाल तर एवढं करा.

१. फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा, "शेवटचा आकडा सांगा, सगळं धरून, माणशी." आणि तो मेसेजवर लेखी मागा.

२. तिकिटात काय नाही, ते विचारा. पाणी, चहा-कॉफी, शो, इंटरनेट, गोव्यात उतरल्यावरची बस.

३. एका खोलीत एकटं जाणार असाल तर नीट विचारा, बऱ्याचदा दोघांचे पैसे लागतात.

४. दारूचं पॅकेज घेणार असाल तर नियम वाचा. परदेशी जहाजांवर बऱ्याच ठिकाणी खोलीतल्या एकाने घेतलं की बाकीच्या मोठ्यांनाही घ्यावं लागतं. एक पिणारा आणि एक उपवासवाली, दोघांचे पैसे.

५. रोज रात्री खोलीचा हिशेब बघा. शेवटच्या रात्री बघून भांडण होतं, हिशेब होत नाही.

६. आधीच लावलेल्या टिक काढा.

७. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढून ठेवा, नंतर तो सापडत नाही. मला सापडला नाही.

८. आणि काउंटरवर राग काढायचा असेल तर समोरच्या पोराच्या टिपवर काढू नका.

कालच बाबांना विचारलं, परत जायचं का? आई आतून ओरडली, "हो!" बाबांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "जाऊ की. पण ह्या वेळी फोन मी करणार."

तुम्ही गेला असाल तर खाली कॉमेंटमध्ये लिहा. जाहिरातीत किती होते आणि शेवटी किती गेले, फक्त दोन आकडे. कंपनीचं नाव नको, कुणाला शिव्या नकोत. शंभर जणांचे दोन-दोन आकडे जमले तर मी त्याचा तक्ता करून ग्राहक प्राधिकरणाला आणि बंदराच्या कार्यालयाला पाठवीन, आणि काय उत्तर येतं ते इथेच टाकीन. ज्यांना पैसा वसूल वाटला त्यांनीही लिहा, का वाटला ते सांगा. आणि हो, ग्रुप सोडून गेलेल्या मित्रा, तूही लिही. तुझं बिल अजून आलेलं नाही.